शल्यवैद्याची सुई

मराठी घरांत सुईला मान थोडा आणि काम फार. गोधडीला दाभण, सदऱ्याला बारीक सुई, आणि पायांत मोडलेला कांटा काढावयाचा तरी सुईच. एरवीं ती कोठें आहे याची कोणी चौकशीही करीत नाहीं. परंतु हीच सुई वैद्याच्या हातीं आली म्हणजे तिचें नांव न बदलतां तिचें मोल बदलतें. फाटलेलें वस्त्र शिवलें नाहीं तर वस्त्र जातें. उघडी जखम शिवली नाहीं तर एखादे वेळीं माणूस जातो. मराठी बोलीनें मात्र या दोहोंत भेद केलेला नाहीं. गोधडीला घालतात तो टांका, सोनार दागिन्याला लावतो तो टांका, आणि मुलाच्या कपाळाला खोंक पडल्यावर इस्पितळांत घालतात तेही टांकेच.

हें शब्दसाम्य केवळ योगायोगाचें नाहीं. शिवणें या क्रियापदाच्या मुळाशीं संस्कृतांतील सिव् हा धातु आहे. सीवन, सेवनी हे शब्द त्याचेच. सूत्र हा शब्दही त्याच मुळाचा मानतात. लॅटिन भाषेंत शिवण्याला सुएरे म्हणतात व शिवणीला सुतुरा. इंग्रजी शिकलेला डॉक्टर ज्याला स्यूचर म्हणतो, तो शब्द या सुतुराचा वंशज. सिव् आणि सुएरे हीं एकाच प्राचीन कुळांतील भावंडें होत. कवटीच्या हाडांचे दांतेरी सांधे शिवणीसारखे दिसतात म्हणून युरोपीय शारीरशास्त्रज्ञांनीं त्यांनाही सुतुरा हेंच नांव दिलें. इकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत देहांतील सात सेवनी मोजलेल्या आहेत: पांच मस्तकांत, एक जिभेला व एक शिश्नाला. निसर्गानें घातलेल्या या शिवणींना शस्त्र लावूं नये, अशी ताकीदही तेथेंच दिली आहे. शरीराकडे पाहतांना दोन दूरच्या देशांतील वैद्यांना शिंप्याचेंच काम आठवावें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

येथें एका शब्दापासून मात्र सावध राहिलें पाहिजे. बाळंतपण करणारी ती सुईण, म्हणून तिचा सुईशीं संबंध असावा असें कोणासही वाटेल. पण सुईण हा शब्द सूति म्हणजे प्रसव या शब्दाच्या घराण्यांतला आहे. सुई आली ती सूची या शब्दापासून. दोघींचा उच्चार जवळचा, गोत्र वेगळें.

सुश्रुतसंहिता ही एका हाताची किंवा एका काळची रचना नव्हे. तिच्यांत अनेक शतकांचे थर आहेत. नेपाळांत सांपडलेल्या तिच्या एका ताडपत्रावरील पोथीवर इ. स. ८७८ शीं जुळणारी मिति आहे, आणि मूळ ग्रंथ त्याहून कितीतरी जुना. या ग्रंथांत शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले आहेत: छेद्य म्हणजे कापून काढणें, भेद्य म्हणजे चीर देणें, लेख्य म्हणजे खरवडणें, वेध्य म्हणजे टोंचणें, एष्य म्हणजे सळईनें शोध घेणें, आहार्य म्हणजे ओढून काढणें, विस्राव्य म्हणजे पू अथवा रक्त वाहूं देणें, आणि शेवटचें सीव्य म्हणजे शिवणें. बाकीचीं कर्में देहांत वाट करितात. सीव्य ती वाट बंद करितें. उपकरणांची गणनाही तेथें आहे. यंत्रें एकशें एक आणि शस्त्रें वीस. त्या वीस शस्त्रांत सूचीला स्वतंत्र स्थान आहे. यंत्रांत प्रधान कोणतें, या प्रश्नाला ग्रंथकाराचें उत्तर असें कीं, वैद्याचा हात. कारण हाताशिवाय एकही यंत्र चालत नाहीं.

सुश्रुतानें तीन सुया सांगितल्या आहेत. जेथें मांस थोडें, तेथें व सांध्यांवर, वाटोळ्या अंगाची दोन अंगुळें लांबीची सुई. जेथें मांस भरपूर, तेथें तीन अंगुळें लांबीची आणि तीन धारांची. मर्मस्थानें, वृषणकोश व उदर यांवर धनुष्याप्रमाणें वांकलेली. तिघींचेंही टोंक तीक्ष्ण असावें आणि अग्राची गोलाई मालतीच्या फुलाच्या देंठासारखी असावी. पुढें वाग्भटानें अष्टांगहृदयांत हेच प्रकार थोड्या फरकानें सांगितले व वांकड्या सुईची लांबी अडीच अंगुळें ठरविली. आजच्या शस्त्रक्रियागृहांतील पेटी उघडली तर तिच्यांतही वाटोळ्या अंगाची सुई, तीन धारांची कापणारी सुई आणि वर्तुळाच्या तुकड्यासारखी वांकलेली सुई हे भेद दिसतात. आज त्यांची वांटणी थोड्या निराळ्या तत्त्वावर होते. वाटोळी सुई आंतड्यासारख्या मऊ भागासाठीं, कारण ती तंतूंना कापीत नाहीं, बाजूला सारते. धारेची सुई चिवट कातड्यासाठीं. पण जागा पाहून सुई निवडावी, हा मूळ विचार तोच आहे.

दोऱ्याविषयींही ग्रंथकार मोघम बोलत नाहीं. बारीक सूत, अश्मंतक वृक्षाची साल, ताग, अळशीचा धागा, स्नायूची दोरी, केंस, मूर्वा व गुळवेल यांचे तंतु, इतके प्रकार त्यानें दिले आहेत. टांक्यांचीं नांवें चार: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथि. यांतील गोफणिका हा शब्द मराठी शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाहीं. पांखरें हांकण्याची गोफण ज्यानें पाहिली आहे त्याला त्या टांक्याची कल्पना नांवावरूनच येईल. तुन्नसेवनी म्हणजे रफूगार वस्त्र रफू करतो तसा टांका. टांका जखमेच्या कडेपासून फार दूर घेतला तर वेदना होते, फार जवळ घेतला तर कड फाटते. म्हणून दोन्हीं टाळावें, हा उपदेश आजही नव्या विद्यार्थ्याला जसाच्या तसा करितां येईल.

सर्वांत महत्त्वाची सूचना मात्र कोठें शिवूं नये याविषयींची आहे. क्षारानें, अग्नीनें अथवा विषानें दूषित झालेला व्रण शिवूं नये. आंत रक्त सांठलें असेल अथवा शल्य राहिलें असेल तर शिवूं नये. धूळ, केंस, नख, हाडाचा सुटलेला तुकडा हीं आधीं काढून टाकावीं. नाहींतर व्रण पिकतो. जंतूंचा शोध लागण्यापूर्वीं हें लिहिलेलें आहे. घाण आंत कोंडून वर सुबक शिवण घालणारा वैद्य रोग्याचा घात करितो, एवढें सत्य निव्वळ निरीक्षणानें हातीं आलें होतें.

आंतड्याला भोंक पडलें तर काय करावें, हा सुश्रुतापुढील अवघड प्रश्न होता. पोट एकदां शिवल्यावर आंतील टांके काढावयाचे कसे? त्यानें सांगितलेला उपाय चमत्कारिक वाटतो, पण त्यांत विचार आहे. भोंकाच्या कडा एकत्र धरून त्यांना काळ्या मुंग्यांकडून चावा घ्यावयास लावावा, मग त्यांचीं धडें तोडून डोकीं तशींच राहूं द्यावीं, आंतडें आंत सारावें आणि बाहेरची जखम शिवावी. मुंगीचे जबडे मिटलेले राहतात, आणि डोकें आंत राहिलें तरी तें काढण्याची वेळ येत नाहीं. आपोआप विरून जाणाऱ्या टांक्याची कल्पना येथें प्रथम डोकावते.

हें सर्व शिष्याच्या हातांत कसें उतरावें? त्यासाठीं योग्या नांवाचा सराव होता. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर. वेधाचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर व कमळाच्या देंठांवर. बांधण्याचा सराव पुरुषभर उंचीच्या पुतळ्याच्या अंगांवर. आणि शिवण्याचा सराव पातळ व जाड वस्त्रांच्या कडांवर आणि मऊ चामड्यावर. शास्त्र पाठ झालें पण हात बसला नाहीं, असा वैद्य कामाचा नाहीं, हा त्या अध्यायाचा आशय आहे.

सुईचा हा विचार केवळ भरतखंडांतच झाला असें नाहीं. रोमच्या साम्राज्यांत पहिल्या शतकांत सेल्सस यानें लिहून ठेवलें कीं, जखमेचा धागा मऊ असावा, फार पिळलेला नसावा. दुसऱ्या शतकांत पर्गामम येथें कुस्तीगीर योद्ध्यांच्या जखमा बांधणाऱ्या गॅलेननें रेशमाचा व आंतड्याच्या तांतीचा पुरस्कार केला. पुढें अब्बासी खलिफांच्या बगदादेंत सुश्रुताच्या ग्रंथाचें अरबींत भाषांतर झालें. स्पेनांतील कॉर्डोव्हा नगराचा अल्-झहरावी यानें दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या ग्रंथांत शस्त्रांच्या आकृति काढल्या. आंतड्यासाठीं मुंग्यांचीं डोकीं व तांत हे दोन्हीं उपाय त्यानेंही नमूद केले. बाराव्या शतकांत तोलेदो येथें त्याच्या शस्त्रकर्मविषयक भागाचें लॅटिन भाषांतर झालें आणि तें युरोपच्या विद्यापीठांत शतकानुशतकें वाचलें गेलें.

याच काळांत सुश्रुताच्या स्वतःच्या देशांत एक विलक्षण गोष्ट घडत होती. ग्रंथ नष्ट झाला नाहीं. चक्रपाणिदत्तानें त्यावर टीका लिहिली, डल्हणानें लिहिली, पोथ्या उतरल्या गेल्या, श्लोक पाठ होत राहिले. सुटत गेला तो हात. प्रेताला शिवणें, रक्ताला शिवणें हें ज्या समाजांत विटाळाचें झालें, तेथें पुस्तक वाचणारा वैद्य नाडी पाहूं लागला, चाटण देऊं लागला. आणि गळूं फोडणें, तुंबडी लावणें, हाड बसविणें हीं कामें न्हावी, हाडवैद्य व तत्सम कारागिरांकडे राहिलीं. शिवणें या एकाच क्रियापदाला मराठींत जोडणें आणि स्पर्श करणें असे दोन अर्थ आहेत. दुसऱ्या अर्थाच्या भीतीनें पहिला अर्थ गेला, असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. शास्त्र एका घरीं आणि कसब दुसऱ्या घरीं, आणि दोन घरांत जाणेंयेणें नाहीं, अशी स्थिति झाली.

त्या कसबाची साक्ष पुण्यानें दिली आहे. इ. स. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धांत इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापून त्याला सोडून देण्यांत आलें. सुमारें वर्षभर तो त्याच स्थितींत होता. नंतर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या कुंभार जातीच्या एका माणसानें त्याला नवें नाक बसवून दिलें. मुंबई इलाख्यांतील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनीं ही क्रिया पाहिली. पुण्यास येऊन सवाई माधवरावांचें चित्र काढणारा जेम्स वेल्स यानेंच कावसजीचेंही चित्र काढलें. ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या जंटलमन्स मॅगझीन या मासिकांत तो वृत्तांत चित्रासह छापला गेला.

कुंभाराची रीत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा करून तो उरलेल्या नाकावर नाकाच्या आकारानें बसवावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व भोंवतीं रेघ ओढावयाची. त्या रेघेनें कपाळाचें कातडें सोडवावयाचें, पण दोन्हीं डोळ्यांमध्यें एक पट्टी न तोडतां ठेवावयाची. त्या पट्टींतून रक्त खेळत राहतें व कातडें जिवंत राहतें. जुन्या नाकाचा बरा झालेला कड तासून तेथें खांच पाडावयाची आणि कपाळाचें कातडें उलटवून खाली आणून त्या खांचेंत बसवावयाचें. सांधा पक्का करण्यासाठीं पाण्यांत मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून पांच-सहा पट्ट्या एकीवर एक ठेवावयाच्या. चार दिवसांनीं त्या काढून तुपांत भिजविलेलीं कापडें ठेवावयाचीं. सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती डोळ्यांमधील पट्टी तोडून नाक नीट करावयाचें. या वृत्तांतांत सुईचा व दोऱ्याचा उल्लेख नाहीं. जें काम सुश्रुताच्या शिष्यानें शस्त्रपेटी उघडून केलें असतें, तें या माणसानें वस्तऱ्यावर, मेणावर आणि विड्याच्या कातावर भागविलें. सुश्रुतानें नाकासाठीं झाडाचें पान घेऊन गालाचें कातडें मापावयास सांगितलें होतें. पुण्यांत पानाच्या जागीं मेण आलें होतें आणि गालाच्या जागीं कपाळ.

लंडनमधील जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें हा वृत्तांत वाचला, हिंदुस्थानांत राहून आलेल्या लोकांकडे चौकशी केली, प्रेतांवर सराव केला आणि ऑक्टोबर १८१४ मध्यें एका लष्करी अधिकाऱ्यावर ही क्रिया यशस्वी केली. १८१६ मध्यें त्यानें तिची हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. १८१८ मध्यें बर्लिनच्या ग्रेफे यानें या विषयावर ग्रंथ लिहून त्याला ऱ्हायनोप्लास्टी हें ग्रीक नांव रूढ केलें. कपाळाच्या कातड्याची ती रीत आजही हिंदी पद्धत म्हणून ओळखली जाते. कावसजीचें नांव राहिलें, पाहणाऱ्या डॉक्टरांचीं राहिलीं, चित्रकाराचें राहिलें. ज्यानें नाक केलें त्या कुंभाराचें नांव विचारून लिहून ठेवावें, असें मात्र त्या वेळीं कोणालाही वाटलें नाहीं.

तुटलेला दुवा सांधण्याचा एक प्रयत्न पुढें कलकत्त्यास झाला. तेथील मेडिकल कॉलेज १८३५ त स्थापन झालें. त्याच सुमारास, १८३५-३६ मध्यें, पंडित मधुसूदन गुप्त यांनीं सुश्रुतसंहिता छापून प्रसिद्ध केली. आणि १८३६ मध्यें त्याच मधुसूदन गुप्तांनीं त्या कॉलेजांत मानवी प्रेताचें विच्छेदन केलें. ज्याला शारीर जाणावयाचें असेल त्यानें प्रेत तपासून पाहावें, असें सुश्रुतानें सांगितलेलेंच होतें. पोथी वाचणारा आणि प्रेताला हात लावणारा हे बऱ्याच शतकांनंतर एका माणसांत एकत्र आले. मुंबईस निर्णयसागर छापखान्यानें विसाव्या शतकांत यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली सुश्रुताची आवृत्ति डल्हणाच्या टीकेसह घरोघर पोंचविली.

एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेंतही सुईचा इतिहास सर्वस्वी उजळ नाहीं. अमेरिकेंत अलाबामा प्रांतांतील मॉन्टगोमेरी येथें मेरियन सिम्स या डॉक्टरनें बाळंतपणांत फाटून मूत्रमार्गाला भगदाड पडलेल्या स्त्रियांवर १८४५ पासून प्रयोग चालविले. त्या गुलाम स्त्रिया होत्या. नकार देण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि भूल न देतां शस्त्र चालत असे. रेशमाचे टांके पिकत. शेवटीं १८४९ मध्यें अनार्का नांवाच्या स्त्रीवर सुमारें तिसाव्या शस्त्रक्रियेंत चांदीच्या तारेचा टांका टिकला. त्या टांक्यानें पुढें असंख्य स्त्रियांचें दुःख हरण केलें, हें खरें. आणि तो कोणाच्या देहावर शिकला गेला, हेंही तितकेंच खरें. न्यूयॉर्कच्या उपवनांतील सिम्सचा पुतळा २०१८ मध्यें हलविण्यांत आला.

सुई सुधारली तरी टांका पिकण्याचें संकट होतेंच. १८६५ मध्यें ग्लासगो येथें जोसेफ लिस्टरनें कार्बोलिक आम्लानें जखमा निर्जंतुक करण्यास आरंभ केला, आणि १८६९ मध्यें त्याच आम्लांत भिजविलेली तांत रक्तवाहिनी बांधण्यासाठीं वापरल्याचें प्रसिद्ध केलें. ही तांत मेंढीच्या आंतड्याची. इंग्रजींत तिला कॅटगट म्हणतात, तरी मांजराचा तिच्याशीं संबंध नाहीं. पिंजाऱ्याच्या धनुकलीवर झंकारणारी तांत आणि पोटांत कांहीं दिवसांनीं विरून जाणारा टांका हे एकाच घराण्यांतले. मुंगीच्या डोक्यानें जें साधावयाचें होतें तें आतां निर्धास्तपणें साधूं लागलें.

शिंप्याच्या कलेचें ऋण शल्यवैद्यानें उघडपणें घेतलें तें फ्रान्सांत. १८९४ च्या जून महिन्यांत लियोन शहरीं फ्रेंच राष्ट्राध्यक्ष कार्नो यांच्यावर सुऱ्याचा वार झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर तुटली, आणि ती शिवण्याचें तंत्र कोणालाही ठाऊक नसल्यामुळें ते रक्तस्रावानें मरण पावले. त्याच शहरांत शिकणाऱ्या अलेक्सी कॅरेल या तरुणाच्या मनाला हें लागलें. त्यानें लेरूदिए नांवाच्या एका भरतकाम करणाऱ्या बाईकडे जाऊन अत्यंत बारीक सुईनें शिवण्याचे धडे घेतले. वाटोळी रक्तवाहिनी तीन ठिकाणीं टांके घेऊन ताणली म्हणजे तिचें तोंड त्रिकोणी होतें आणि सरळ कडा शिवतां येतात, ही त्याची युक्ति १९०२ मध्यें प्रसिद्ध झाली. १९१२ मध्यें त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. आज एका देहाचें मूत्रपिंड दुसऱ्या देहांत जोडतां येतें, त्याच्या मुळाशीं ही शिवण आहे.

विसाव्या शतकांत सुईचें नेढेंही गेलें. नेढ्यांत ओंवलेला दोरा दुहेरी होतो आणि जखमेच्या कडेंतून जातांना सुईपेक्षां मोठें भोंक पाडतो. म्हणून दोऱ्याचें टोंक सुईच्या मागील पोकळींतच घट्ट दाबून बसवूं लागले. सुई व दोरा यांचें एकच अंग झालें. एका रोग्यासाठीं निर्जंतुक पुडी फोडावयाची आणि काम झालें कीं टाकून द्यावयाची. घरांतली आजी नातवाला हांक मारून सुई ओंवून घेते. शस्त्रक्रियागृहांतील सुईला तो प्रसंग आतां क्वचितच येतो.

सूची गेली आणि सुई राहिली; सीव्य गेलें आणि टांका राहिला. विद्वानांचे शब्द पोथींत राहिले, आणि शिंपी, सोनार, पिंजारी यांचे शब्द रोग्याच्या तोंडीं राहिले. डॉक्टर स्यूचर म्हणतो, रोगी टांके म्हणतो, आणि दोघांनाही एकमेकांचें बोलणें कळतें. पण शब्द एकमेकांना भेटले म्हणजे माणसें भेटलीं असें होत नाहीं, हा या इतिहासाचा धडा आहे. ज्या देशानें तीन सुयांचीं लक्षणें लिहून ठेवलीं, त्याच देशांत कांहीं शतकांनंतर नाक जोडणाऱ्या कारागिराला तीं लक्षणें वाचतां येत नव्हतीं, आणि तीं वाचणाऱ्या पंडिताला नाक जोडतां येत नव्हतें. शास्त्राची कड आणि कसबाची कड यांमध्यें जी जखम उघडी राहिली, ती बुजविण्यास योग्य असा एकच टांका होता, आणि तो सुश्रुतानें पहिल्याच अध्यायांच्या ओघांत सांगून ठेवला होता: जाणणारें डोकें व करणारा हात एका माणसाचा असावा.